अकरावं काडतूस

रकाना ४ : काडतुसांची संख्या

“अकरा,” मी म्हणाले.

“दहा,” सुभेदार म्हणाले.

टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावरची काडतुसं मी बोट ठेवत पुन्हा मोजली. पितळी, लांबट, बोटभर उंचीची. पाच एका ओळीत, पाच दुसऱ्या ओळीत आणि एक उरलेलं. ते ओळीत लावलं तर ओळ वाकडी दिसायला लागली, म्हणून बाजूला ठेवलं.

“बाई, चष्म्याचा नंबर बदलला तुमचा,” असं म्हणत सुभेदार स्वतःच वाकले आणि ओठ हलवत मोजायला लागले. अकरावर येऊन थांबले. मग उलट्या बाजूनं मोजली. तिकडूनही अकराच आली.

“परवान्यावर दहा आहेत,” मी म्हणाले.

“सरकारनं दहा दिली, मी दहा घेतली. पंधरा वर्षांत एक उडवलेलं नाही.”

“मग हे कुठून आलं?”

“ते मी तुम्हाला विचारायचं. पिशवी तुमची, सील तुमचं.”

हिंगणमाळ पोलीस ठाण्यात मी तेव्हा मुद्देमाल कारकून होते. म्हणजे जप्तीचं, सापडलेलं, जमा केलेलं जे काही ठाण्यात येईल, ते सांभाळणारी हवालदार. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती, आणि निवडणूक लागली की परवाना असलेल्या माणसांनी आपली हत्यारं ठाण्यात आणून ठेवायची आणि निकालानंतर परत न्यायची असा नियम. त्यासाठी एक रजिस्टर असतं. सात रकान्यांचं. नोकरीची एकतीस वर्षं मी रकाने भरण्यात घालवली, त्यामुळे ही गोष्टही मला रकान्यांनीच सांगता येते. क्रम तेवढा माझा आहे.

रकाना १ : परवानाधारकाचे नाव व पत्ता

दाजीराम कोंडिबा फडतरे, निवृत्त सुभेदार, मुक्काम शेरेमाळ.

वय एकाहत्तर. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात काळे बूट, चालणं असं की रस्त्यानं त्यांना वाट द्यावी. हत्यार जमा करायला दर वेळी सगळ्यांत पहिले यायचे. बाकीच्यांना दोन नोटिसा आणि एक फोन लागायचा. सुभेदार नोटीस निघायच्या आधी दारात.

“तुम्ही माजी सैनिक. जिल्ह्याच्या समितीकडं अर्ज केला असता तर कदाचित हत्यार जमा करण्यातून सूट मिळाली असती,” असं मी एकदा म्हणाले होते.

“सूट मागायला मी काय लंगडा आहे?” असं उत्तर आलं होतं.

रकाना २ : हत्याराचा प्रकार

तीनशे पंधरा बोअरची रायफल. मॅगझीन पाच गोळ्यांचं. नळी आरशासारखी.

रकाना ३ : परवान्याची मुदत

होती. या रकान्यात कधीच काही अडचण नसते.

रकाना ४, पुढे चालू

पिशवी खादीच्या कापडाची होती. तोंडाला सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख, लाखेवर ठाण्याचा शिक्का. सुभेदारांनी ती माझ्यासमोर ठेवली तेव्हा लाख जशीच्या तशी होती. मीच ती कात्रीनं फोडली होती.

मला वाटलं, हे आपल्या दोघांतच राहील. पण साहेब नेमके तेव्हाच चहाचा कप घेऊन मुद्देमालाच्या खोलीत आले. निरीक्षक साळोखे. कोल्हापूरकडचे, बोलायला मोकळे, आणि कुठलीही वस्तू दिसली की ती मोजायची सवय.

“अकरा?” ते म्हणाले. “परवाना किती?”

“दहा, साहेब.”

“मग खरात, यात विचार काय करायचा? जादा काडतूस बिनपरवाना. आर्म अ‍ॅक्ट लावा. वरून रोज फोन येतोय, तुमच्या ठाण्याची कारवाई शून्य म्हणून.”

सुभेदार खुर्चीतून उठले. टाचा जुळवल्या नाहीत, पण जुळवल्यासारख्याच उभे राहिले.

“साहेब, एक विचारू? फौजेत माझ्या मॅगझीनमध्ये तीस गोळ्या बसायच्या. आम्ही अठ्ठावीसच भरायचो. स्प्रिंग दमू नये म्हणून. अशी चार मॅगझीन अंगावर घेऊन मी बर्फात झोपलोय. कुणी पंचनामा केला नाही.”

“तेव्हा तुम्हाला सूट होती, सुभेदार. फौजेला आणि पोलिसांना हा कायदाच लागू नाही. ड्युटीवर असेपर्यंत.”

“म्हणजे पेन्शन लागली त्या दिवसापासून अकरावं काडतूस गुन्हा?”

“हो.”

“आणि तेच तुमच्या टेबलावर पडलंय आत्ता. ते?”

“मला अजून सूट आहे,” साळोखे हसले. “रिटायर होईपर्यंत.”

सुभेदार हसले नाहीत. “करा मग गुन्हा दाखल. पण आधी गावात निरोप द्या. मी पोलिसांच्या गाडीत बसलो हे माझ्या धाकट्या भावाला लोकांकडून कळण्यापेक्षा आधी कळू दे. तीस वर्षं गणवेशात काढली, घरात कुणी कोठडी बघितलेली नाही.”

हे ते कुरकुरीच्या सुरात बोलले नाहीत. भाजी आणायला सांगावं तसं बोलले. म्हणून साळोखेंचा कप खाली आला.

“साहेब,” मी म्हणाले, “ती लाख बघा.”

“काय बघायचंय? लाख वितळवून परत लावता येते.”

“येते. पण शिक्का जुना आहे. कोपरा तुटलेला. तो आपण वर्षापूर्वी मुख्यालयात जमा केला, त्याची पोच आहे माझ्याकडं. सुभेदारांनी पिशवी त्याआधीपासून उघडलेली नाही. मागच्या विधानसभेनंतर आपण परत दिली तशीच ती आलीय.”

साळोखेंनी लाखेचे तुकडे हातात घेतले. उजेडाकडे धरले. मग दार लोटलं.

“म्हणजे अकरा आपणच दिली?”

“तसं दिसतंय.”

“तेव्हा मुद्देमालाला कोण होतं?”

“मीच.”

“खरात, पदोन्नतीच्या यादीत नाव आहे ना तुझं?”

“आहे.”

“मग तू काय बोलतेयस ते तुला कळतंय ना?” त्यांनी घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते. “पाच वाजेपर्यंत मला सांग हे काडतूस कुणाचं आहे. मालक सापडला तर बघू. नाही सापडला तर हे सुभेदारांचंच. कागदावर दहा दिलीत आपण, आणि मी कागदाच्या बाहेर जाणार नाही.”

सुभेदार परत खुर्चीत बसले. “मी इथंच थांबतो,” म्हणाले. “मला काय काम आहे?”

रकाना ६ : परत दिल्याची तारीख व सही

जुनं रजिस्टर काढलं. विधानसभेच्या वेळचं. त्रेसष्ट हत्यारं आली होती त्या वेळी. फडतरे यांच्यासमोर लिहिलेलं : दहा काडतुसे सीलबंद परत दिली. खाली त्यांची सही, शेजारी माझी.

नियम असा की परत देताना सील फोडायचं, मालकासमोर मोजायचं आणि मग सही घ्यायची. त्या दिवशी दारात वीस-पंचवीस माणसं उभी होती. मी कात्री उचलली तेव्हा सुभेदारच म्हणाले होते, “राहू द्या बाई. पोलिसांच्या सीलवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या ठेवायचा? लोकं खोळंबलीत.” मला बरंच वाटलं. त्यांच्या मागच्या माणसांनाही मी तशाच पिशव्या दिल्या. सगळ्यांनी सह्या केल्या.

पण चूक परत देताना झाली नव्हती. परत देताना ती फक्त सापडायची राहिली. झाली होती जमा करताना.

रजिस्टरवर बोट फिरवत मी त्या सकाळपर्यंत मागे गेले. सुभेदारांच्या ओळीखालीच दुसरी ओळ होती. तात्यासाहेब इंगवले, साखर कारखान्याचे संचालक. तीनशे पंधराचीच रायफल. काडतुसं वीस. दोघं पाठोपाठ आले होते, आणि मी टेबलावर दोघांचीही काडतुसं एकदमच काढून ठेवली होती. वेळ वाचावा म्हणून. तात्यासाहेब कारखान्याचा काहीतरी किस्सा सांगत होते, सगळे हसत होते, मीही. कुणाच्या तरी कोपराच्या धक्क्यानं एक काडतूस घरंगळत खाली गेलं. ते मी वाकून उचललं आणि जवळच्या ढिगात टाकलं.

जवळचा ढीग कुठला होता ते आठवायची आता गरज नव्हती.

दोन्ही ढीग मी आधीच मोजले होते. पुन्हा मोजले नाहीत.

रकाना ५ : सूट असल्यास तिचे कारण

तात्यासाहेबांचं हत्यार या वेळी ठाण्यात येणारच नव्हतं. समितीनं त्यांना सूट दिली होती. कारण : जीवितास धोका. त्यांची काडतुसं मोजायची तर मलाच जाणं भाग होतं.

बंगल्याच्या ओट्यावर ते पाय सोडून बसले होते. संत्रं सोलत होते.

“या बाई, या. आम्हाला सूट आहे, माहिती आहे ना?”

“जमा करण्यातून आहे, तात्यासाहेब. मोजण्यातून नाही.”

“अरे वा!” ते मोठ्यानं हसले. “ठाण्यात वकिली शिकवतात वाटतं आता.”

तरी उठले, आणि आतून चामड्याचा पट्टा घेऊन आले. काडतुसं खोवायला वीस खाचा असलेला. शेवटची खाच रिकामी होती. मोजायचीही गरज पडली नाही.

“एकोणीस,” मी म्हणाले.

त्यांचं हसू गेलं. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “ते लिहू नका. ती आमच्या घरची भानगड आहे, केव्हाच मिटलीय. मागच्या वेळी तुमच्याकडनं आणली, तेव्हा पिशवी आमच्या मुलाण्याकडं होती. दस्तगीर. शेतावर राखणीला होता, ड्रायव्हिंगपण करायचा. त्याला म्हणलं, पट्ट्यात भरून ठेव. तर आला तोंड पाडून. म्हणे, तात्या, एकोणीसच आहेत.”

“त्यानंच सांगितलं?”

“त्यानंच. वर म्हणतो, सील होतं तेव्हापासून एकोणीसच असतील. म्हणलं, मग पोलीस काय खोटं मोजतात का? वीस लिहिलंय, सही केलीय बाईंनी. पिशवी तू आणली, सील तू फोडलं, कमी आहे म्हणून तूच सांगतो. एवढा शहाणा आहेस होय?”

“मग?”

“मग काय. काढून टाकला. बारा वर्षं होता. वाईट वाटलं हो, पण काडतूस म्हणजे काय लिंबू आहे का? उद्या कुठं कुणाच्या अंगात निघालं असतं तर? तक्रार मात्र केली नाही मी. गरीब माणूस. आणि खरं सांगू का, काडतूस हरवलं म्हणून सांगितलं असतं तर माझाच परवाना गेला असता.”

मी पाणी मागितलं. आतून तांब्या आला. सगळं प्यायले.

“तुमचं विसावं काडतूस ठाण्यात आहे,” मी म्हणाले. “माझ्या हातून दुसऱ्याच्या पिशवीत गेलं होतं.”

तात्यासाहेबांनी संत्र्याची फोड तोंडाजवळ नेली होती. ती तशीच हातात राहिली.

“कुणी चोरलं नव्हतं?”

“नाही.”

“बरं झालं,” ते फोड तोंडात टाकत म्हणाले. “म्हणजे माझा परवाना सुरक्षित.”

रकाना ४, शेवट

पावणेपाचला मी साळोखेंच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक तात्यासाहेबांचा जबाब. दुसरा माझ्याविरुद्धचा कसुरी अहवाल, माझ्याच हातानं लिहिलेला. साळोखेंनी तो दोनदा वाचला.

“यादीतनं नाव जाईल.”

“जाऊ दे साहेब.”

“बोलायला सोपं आहे,” ते म्हणाले. पण त्यांनी सही केली. पुढे माझी एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली आणि पदोन्नती चार वर्षं लांबली. माझ्या मानानं ते पुष्कळ होतं. चुकीच्या मानानं फार नव्हतं.

सुभेदार साडेपाच तास त्याच खुर्चीत बसून होते. ठाणे अंमलदारानं दिलेला वडापाव कागदासकट तसाच मांडीवर. मी त्यांना दहा काडतुसांची पोच दिली. ती त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि दारापर्यंत जाऊन वळले.

“बाई, निकालानंतर मी येईन तेव्हा माझ्यासमोर मोजायची. एकेक. लोकं खोळंबली तर खोळंबू देत.”

“हो, सुभेदारसाहेब.”

“मी म्हणलं तरी सील मानायचं नाही.”

रकाना ७ : शेरा

हा रकाना बहुतेक वेळा कोराच असतो. मीही तो तसाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढून फाट्यावर गेले.

दस्तगीर मुलाणीचं पंक्चरचं दुकान कुठं आहे ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. दोन वर्षं मी त्याच्यासमोरून जात होते. एकदा चाकात हवासुद्धा भरून घेतली होती. त्यानं भरली, पैसे घेतले नाहीत, एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, पोलीस म्हणून घेतले नसतील.

तो ट्यूब पाण्याच्या टपात बुडवून बुडबुडे बघत होता. गणवेश दिसला तसा उभा राहिला.

“दस्तगीरभाई, तात्यासाहेबांचं काडतूस सापडलं.”

हातातल्या ट्यूबवरचं पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं.

“माझ्याकडून चूक झाली होती. मोजताना नाही, मोजून झाल्यावर. तुमचा काही संबंध नव्हता.”

“आलो होतो मी,” तो म्हणाला.

“माहिती आहे.”

हे मी साळोखेंना सांगितलं नव्हतं, कसुरी अहवालात लिहिलं नव्हतं, आणि खरं म्हणजे आत्तापर्यंत इथंही लिहायचं टाळत आले. पिशव्या परत दिल्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारी, तो मुद्देमालाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. चप्पल बाहेर काढून. “मॅडम, जरा रजिस्टर बघता का? मोजताना एखादं इकडंतिकडं झालं असंल,” असं म्हणाला होता. मी डबा खात होते. भेंडीची भाजी होती. मी मान वर न करता म्हणाले होते, “रजिस्टरला वीस आहेत. सही आहे. मग विसावं तुझ्याकडंच असणार.” आणि पोळीचा तुकडा मोडला होता. तो किती वेळ उभा होता ते मी बघितलं नाही. डबा संपला तेव्हा दारात कुणी नव्हतं.

तात्यासाहेबांच्या ओट्यावर नाव ऐकताच मला आधी ती भाजी आठवली होती.

“तुम्ही जेवत होता,” दस्तगीर म्हणाला. “मला वाटलं, जेवण झालं की बघाल. बाहेर लिंबाखाली थांबलो तासभर.”

“मी बघितलं नाही.”

“नाही बघितलं.” त्यानं ट्यूब टपाच्या काठावर टाकली. “मॅडम, एक सांगू? मलाच वाटायला लागलं होतं. पिशवी मांडीवर घेऊन जीप चालवत होतो. म्हणलं, कुठं खड्ड्यात आदळली असंल, सुतळी ढिली झाली असंल, पडलं असंल. चार वेळा चालत गेलो त्या रस्त्यानं. गवतात हात घालून बघितलं. सील होतं हे मला ठाऊक होतं, तरी बघितलं.”

“तात्यासाहेब परत बोलावतील कदाचित.”

“ते नाही बोलवायचे. मी नाही जायचो.” मग तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, “लिहून द्या.”

“काय?”

“आत्ता बोललात ते. इथं सगळ्यांना ठाऊक आहे मी काडतूस चोरलं. मोठ्या पोरीच्या सोयरिकीला आलेले पाहुणे चहा न घेता उठले. तुमचं तोंडी कुणाला सांगू मी? लोक म्हणतील, पोलिसाला चहा पाजला असंल.”

असा दाखला देण्याची कुठे सोय नाही. नमुना नाही, जावक क्रमांक नाही. माणसाकडे एखादी वस्तू सापडली याचा कागद आम्ही रोज करतो. सापडली नव्हती याचा कागद मी कधी केला नव्हता. आणि कसुरी अहवाल वर गेलेला असताना स्वतःच्या सहीनं आणखी एक कागद बाहेर देणं म्हणजे काय, ते मला साळोखेंपेक्षा चांगलं कळत होतं.

मी स्कूटीच्या डिकीतून कोरा कागद काढला. सीटवर ठेवून उभ्यानंच लिहिलं. तारीख, ठिकाण, त्याचं पूर्ण नाव. काडतूस कुणाचं होतं, कुणाच्या हातून कुठे गेलं, कधी सापडलं. दस्तगीर बाबालाल मुलाणी यांनी त्याच वेळी ठाण्यात येऊन रजिस्टर तपासण्याची विनंती केली होती, आणि मी ते तपासले नाही. खाली सही केली.

“बक्कल नंबर घाला,” तो म्हणाला.

घातला.

कागद त्यानं घेतला नाही. ऑइलचे हात पँटला पुसले, पुन्हा बघितले, आणि तसेच मागे ठेवले. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “जैनब! बाहेर ये. पोरींनापण आण.” समोर चहाच्या टपरीवर सहा-सात माणसं होती, त्यांच्याकडेही हात केला, “या ओ जरा इकडं. मॅडम काय वाचतायत ऐका.”

बायको आली. पदर नीट करत, माझ्या गणवेशाकडे बघत दाराशीच थांबली. तिच्या मागे दोन मुली. टपरीवरची माणसं ग्लास हातात घेऊन रस्ता ओलांडून आली.

“मोठ्यानं वाचा,” दस्तगीर म्हणाला.

मी वाचायला लागले. निम्म्यावर आले तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या मागे जोडलेला, त्याच्या आवाजात काही ऐकू जाईना. मी थांबले. ट्रॅक्टर संथपणे चढ चढत गेला. धूळ बसली. सगळे उभेच होते.

मी पुढची ओळ वाचायला घेतली.

“तिथनं नाही,” दस्तगीर म्हणाला. “पहिल्यापासून.”

मी कागद वर धरला आणि पहिल्यापासून वाचलं.